फिलाडेल्फिया : आईबाबांना घेऊन तीन दिवस, काय बघावं आणि काय सोडावं?

मुळामुठा

नमस्कार मंडळी,

आईबाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला रजा मिळतेय. गुरुवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परत, असं फिलाडेल्फिया करायचं मनात आहे.

मी स्वतः एकदाच गेलेय, ऑफिसच्या लोकांबरोबर. लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा पाहिली, फोटो काढला, सँडविच खाल्लं आणि चार तासांत परत गाडीत. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं काय काय पाहिलंस, तर धड सांगता येईना. आईबाबांच्या बाबतीत तसं व्हायला नको आहे.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण वीस-पंचवीस मिनिटांनी टेकायला जागा लागते. आई शाकाहारी, अंडंही खात नाही.

आणि मुख्य गोष्ट. आई मूळची कल्याणची, शाळेत इतिहास शिकवायची. अमेरिकेत काय बघायचंय असं विचारलं तर न्यूयॉर्क नाही, नायगारा नाही, म्हणाली, "आनंदीबाई जिथे डॉक्टर झाल्या ते गाव मला दाखव." तिथे आज त्यांची काही खूण उरली आहे का? कुणी शोधलंय का?

स्कूलकिल

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी या गावात सतरा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आनंदीबाईंबद्दल वेगळा प्रतिसाद देईन, ते घाईत उरकायचं नाही.

पहिलं म्हणजे गाडी घरी ठेवा. जुन्या भागात रस्ते अरुंद, पार्किंग महाग आणि गाडी लावल्यावर परत तिच्यापाशी जायची धावपळ. एडिसनहून एनजे ट्रान्झिटने ट्रेंटनला या, तिथे उतरून सेप्टाची (फिलाडेल्फियाची लोकल रेल्वे) ट्रेंटन लाइन पकडा आणि जेफरसन स्टेशनला उतरा. वर आलात की रेडिंग टर्मिनल मार्केट लागूनच आहे. (इंग्रजी स्पेलिंग बघून सगळे 'रीडिंग' म्हणतात, उच्चार रेडिंग.) मुक्कामही गावातच करा, विमानतळाजवळ स्वस्त मिळतं म्हणून तिकडे जाऊ नका. दुपारी बाबांना तासभर आडवं होता येणं हे तीन दिवसांत सगळ्यात महत्त्वाचं ठरेल.

गावाचा आराखडा आधी डोक्यात बसवा, मग हरवणार नाही. पूर्वेला डेलावेअर नदी, पश्चिमेला स्कूलकिल, मधे साधारण दोन मैल. १६८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने या पट्ट्यात सरळ रेषांची चौकट आखून घेतली. नदीकडून पश्चिमेला जाताना उभ्या रस्त्यांना आकडे आणि आडव्यांना झाडांची नावं : चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट, स्प्रूस, पाइन. लंडनची १६६५ ची प्लेग आणि १६६६ ची आग पेनच्या मनात ताजी होती. म्हणून त्याला घराघरांत अंतर, भोवती बाग आणि कधीही जळणार नाही असं हिरवं गाव हवं होतं. चार कोपऱ्यांत चार चौक आणि मधोमध पाचवा. मधल्या चौकात आज सिटी हॉल आहे. बाकीचे चार अजून झाडाबाकांचे आहेत. बाबांच्या दृष्टीने हे चौक फार मोलाचे. वॉशिंग्टन स्क्वेअर तर इंडिपेंडन्स हॉलच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत) अगदी पाठीला आहे. तिथे बसाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की स्वातंत्र्ययुद्धात मेलेले कितीतरी अनाम सैनिक त्याच हिरवळीखाली पुरलेले आहेत. अज्ञात सैनिकाचं स्मारक आहे, ज्योत तेवत असते.

इंडिपेंडन्स हॉलला वेळेचं तिकीट लागतं. प्रवेश फुकट, ऑनलाइन आरक्षणाला माणशी एक डॉलर. आजच करा, आणि सकाळची पहिली-दुसरी फेरी घ्या. सुरक्षा तपासणीला अर्धा तास हाताशी ठेवा. फेरी लहान असते, पण उभ्यानेच असते, हे बाबांना आधी सांगून ठेवा.

आत सभागृहात गेल्यावर सगळे टेबलांकडे बघतात. तुम्ही समोरच्या उंच पाठीच्या खुर्चीकडे बघा. १७८७ मध्ये राज्यघटना ठरत होती तेव्हा वॉशिंग्टन याच खुर्चीत बसत. खोलीतलं बहुतेक सामान त्या काळचं असलं तरी मूळचं नाही, ही खुर्ची मात्र मूळची आहे. पाठीवर वरच्या बाजूला अर्धा सूर्य कोरलाय, सोनेरी. हा सूर्य उगवतोय की मावळतोय, हे चार महिने बघूनही कळेना, आता सह्या झाल्या तेव्हा कळलं की उगवतोय, असं ८१ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता. तुमच्या आईंनी हे वर्गात सांगितलं असेल-नसेल, पण खुर्ची समोर दिसली की वेगळं वाटतं.

तिखटमीठ

घंटेबद्दल थोडं, कारण बहुतेक लोक तडा बघून फोटो काढतात आणि निघतात.

ही घंटा लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेत घडली आणि १७५२ मध्ये इथे आली. पहिल्याच चाचणीत फुटली. मग इथल्याच पास आणि स्टो या दोघांनी ती वितळवून पुन्हा ओतली. पहिल्या ओतणीचा आवाज लोकांना आवडला नाही, म्हणून परत एकदा ओतली. त्यांची नावं आणि १७५३ हे साल घंटेवरच आहे, डोळे बारीक करून वाचा. आज दिसते ती रुंद चीर म्हणजे मुळात तडा नव्हे. बारीक तडा गेला होता, त्याच्या कडा एकमेकींना घासू नयेत म्हणून तो मुद्दाम कोरून रुंद केला. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी वाजवताना तडा वर आणखी चढला आणि घंटा कायमची गप्प झाली.

'लिबर्टी बेल' हे नाव मात्र स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं नाही. घंटेवर बायबलमधलं वचन आहे, देशातल्या सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्याची घोषणा करा अशा अर्थाचं. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी त्या 'सर्व' या शब्दावर बोट ठेवलं आणि हे नाव रूढ केलं. मला तर ही गोष्ट तड्यापेक्षा मोठी वाटते.

घंटेला तिकीट नाही. फक्त रांग. दुपारी चारनंतर गेलात तर रांग बरीच कमी असते.

पायपीट

वरच्या प्रतिसादाला जोडून. घंटाघराच्या दाराशीच, सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर, प्रेसिडेंट्स हाऊसची जागा आहे. फिलाडेल्फिया १७९० ते १८०० देशाची राजधानी होती, तेव्हा वॉशिंग्टन आणि नंतर ॲडम्स इथल्या घरात राहत. घर गेलं, आता विटांच्या अर्ध्या भिंती आहेत आणि काचेतून खाली जुना पाया दिसतो.

वॉशिंग्टनने या घरात नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे परराज्यातून आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला तर मोकळा होत असे. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणलं जाई. ओनी जज ही मार्था वॉशिंग्टनची खास दासी. १७९६ च्या मे महिन्यात घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती दारातून बाहेर पडली, न्यू हॅम्पशायरला पोचली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. इंडिपेंडन्स हॉल तिथून हाकेच्या अंतरावर. दोन्ही जागा एकाच सकाळी पाहा, मधे दुसरं काही घालू नका.

स्कूलकिल

@पायपीट, अगदी खरं. मी पाहुण्यांना नेतो तेव्हा मुद्दाम ओनीची जागा आधी दाखवतो आणि सभागृह नंतर.

आता जुन्या गल्ल्या. एलफ्रेथ्स ॲली पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. बत्तीस घरांची गल्ली, घरं १७२० च्या दशकापासून १८३० च्या दशकापर्यंतची, आणि आजही लोक तिथे राहतात. त्यामुळे खिडकीत डोकावू नका, पायऱ्यांवर बसू नका. जमीन गोट्यांची आहे, बाबांना कडेच्या विटांच्या पट्टीवरून चालवा.

तिथे तीन गोष्टी शोधा. एक, दाराशी पायरीजवळ रोवलेली लोखंडी पट्टी, बुटाचा चिखल खरवडायची. दोन, वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लावलेले तिरके आरसे. दारात कोण आलंय ते जिना न उतरता वरूनच दिसावं म्हणून. तिसरी मला सर्वांत आवडते : जुन्या भागात बऱ्याच घरांच्या दर्शनी भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, धातूची एक ठसठशीत पाटी असते. तीवर चार हात एकमेकांची मनगटं धरून चौकट करतात. आपण लहानपणी दोघांच्या हातांची पालखी करून तिसऱ्याला उचलायचो, अगदी तसे. ही आगीच्या विम्याची खूण. फ्रँकलिन आणि त्याच्या साथीदारांनी १७५२ मध्ये विमा मंडळी काढली, तिची. त्या मंडळीने पुढे घरासमोर झाड असेल तर विमा द्यायचं नाकारलं, झाडामुळे आग विझवायला अडचण येते म्हणून. तेव्हा झाडं प्रिय असणाऱ्यांनी १७८४ मध्ये दुसरी मंडळी काढली आणि तिच्या पाटीवर झाडच घातलं. चालता चालता हात किती आणि झाडं किती हे मोजत जा. आई-बाबांना यात मजा येईल, लहान मुलं असतील तर त्यांना तर नक्कीच.

फ्रँकलिनचं घर शोधायला गेलात तर घर नाही. घर पूर्वीच पाडलेलं, आणि ते दिसायला नेमकं कसं होतं याची खात्रीची माहिती हाती नव्हती. म्हणून १९७६ मध्ये व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुरचनाकारांनी खोटं घर बांधायचं नाकारून तिथे नुसता पोलादी सांगाडा उभा केला. आभाळात घराची रेघ काढावी तसा. खाली पाया बघायला झरोके आहेत. मला हा प्रामाणिकपणा फार भावतो. तिथेच मार्केट स्ट्रीटच्या बाजूला जुन्या पद्धतीचं पोस्ट ऑफिस आहे, पत्रावर हाताने शिक्का मारून देतात : 'बी. फ्री फ्रँकलिन'. पोस्टमास्टर असताना तो अशी सही करायचा. आईंना एक पोस्टकार्ड टाकायला सांगा.

चटणीभाकर

शाकाहारी खाण्याचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना घेऊन हे सगळं केलंय.

रेडिंग टर्मिनल मार्केट १८९३ पासून आहे. वर आगगाडीचं स्टेशन होतं, खाली मंडई. बाहेरून कळत नाही, पण आत शिरलं की आपल्या मंडईसारखा गलका असतो. लँकेस्टरकडचे आमिश लोक (आधुनिक सोयी टाळून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) तिथे दुकानं मांडतात, आणि रविवारी त्यांची दुकानं बंद असतात. तुमचा गुरुवार आहे, उत्तम. गरम मऊ प्रेट्झेल डोळ्यांसमोर वळून, भाजून, लोण्यात बुडवून देतात. सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, "पाव नाही आणि नानही नाही, पण चांगलं आहे." बॅसेट्सचं आइस्क्रीम १८६१ पासूनचं, मात्र अंड्याचं विचारून घ्या. डोनट आणि केकचंही विचारून घ्या. साडेअकराच्या आत जा, बारानंतर बसायला जागा मिळत नाही आणि बाबांचे हाल होतील.

चीजस्टेक (बीफ आणि चीजचं सँडविच) हे इथलं प्रसिद्ध खाणं, पण त्याच्या मागे लागू नका. तुमच्या जेवणासाठी चायनाटाउन आहे, रेडिंग मार्केटपासून दोन मिनिटांवर, तिथे मांस अजिबात न ठेवणाऱ्या खानावळी आहेत. भात-आमटी हवीच झाली तर विद्यापीठाच्या बाजूला, स्कूलकिल ओलांडून, भारतीय हॉटेलं आहेत.

बॅगेत दशम्या आणि चटणी ठेवाच. चौकातल्या बाकावर बसून खाता येतात, कुणी काही म्हणत नाही.

अंगतपंगत

मी थोडं वेगळं सुचवतो. तीन दिवस गावात कशाला? एक दिवस लाँगवुड गार्डन्सला द्या, तीसेक मैलांवर. ऑक्टोबरच्या अखेरीला काचघरात शेवंतीचं प्रदर्शन भरतं. एकाच रोपावर हजारांहून जास्त फुलं फुलवतात.

मुळामुठा

@अंगतपंगत, शेवंतीचं ऐकून आई एकदम ताठ बसली! पण आमच्या तारखा त्याआधीच्या आहेत, आणि गाडी न नेण्याचं आता पक्कं केलंय. पुढच्या वेळी नक्की.

@स्कूलकिल, @चटणीभाकर, तिकिटं काढली, हॉटेल वॉशिंग्टन स्क्वेअरपासून जवळ मिळालं. आनंदीबाईंबद्दलच्या प्रतिसादाची वाट बघतेय. आई रोज विचारते, "त्या भाऊंनी लिहिलं का?"

स्कूलकिल

लिहितो.

विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये सुरू झालं. आनंदीबाई १८८३ मध्ये इथे दाखल झाल्या तेव्हा कॉलेज गावाच्या उत्तरेला, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि ट्वेंटी-फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होतं. ती इमारत आज नाही. कॉलेज १९३० मध्ये ईस्ट फॉल्सला हललं आणि पुढे दुसऱ्या संस्थांत विलीन झालं. तेव्हा आईंना आधीच सांगा : 'हेच ते कॉलेज' असं बोट दाखवावं असं तिथे काही नाही.

पण एक गोष्ट आहे. त्या रस्त्याला लागून गिरार्ड कॉलेज नावाची शाळा आहे, १८४८ मध्ये सुरू झालेली. तिच्याभोवती उंच दगडी भिंत आहे. ती भिंत आनंदीबाई आल्या तेव्हाही होती. दवाखान्यात, वर्गात जाताना त्यांना ती रोज दिसत असणार. मी तिथे गेलो तेव्हा पाटी नाही, पुतळा नाही, काही नाही. भिंतीला हात लावून उभा राहिलो. टॅक्सीने दिवसाउजेडी जा, पंधरा मिनिटं थांबा, परत या.

कॉलेजचे कागद मात्र जपलेले आहेत. ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि बरंच काही ऑनलाइन बघता येतं. १० ऑक्टोबर १८८५ चा तो फोटो तुम्ही पाहिला असेल : साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या सबात इस्लामबुली त्यांच्या पोशाखात. तिघी आपापल्या देशांच्या आधुनिक वैद्यकातल्या सुरुवातीच्या बायका. फोटो छापून सोबत न्या, जागेवर उभं राहून बघायला.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा आनंदीबाई एकवीसही पुऱ्या नव्हत्या. प्रबंध आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून लेकीला, मनोरमेला, घेऊन फिलाडेल्फियात आल्या होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक याच गावात छापलं गेलं आणि त्याला कॉलेजच्या अधिष्ठात्या रेचल बॉडले यांची प्रस्तावना होती. म्हणजे रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला अमेरिकेतून जो आधार मिळाला, त्याचं एक मूळ या गावात आहे. हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही आणि मला त्याची खंत आहे.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या होत्या, त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. दगडावर नाव आहे. आईंकडे दोन महिने असतील तर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन थेट पकीप्सीला जाते, शेवटचं स्टेशन.

काळेपाणी_नको

आणखी एक जागा, फक्त मन घट्ट करून. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ ते १९७१ चाललेला तुरुंग. मधे एक गोल आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या रांगा, मूळच्या सात. प्रत्येक कैदी पूर्ण एकटा. कोठडीबाहेर काढताना डोक्यावर टोपडं घालायचे, शेजारी कोण आहे हे कळू नये म्हणून. छतात एकच झरोका. माणूस एकांतात पश्चात्ताप करेल आणि सुधारेल, अशी क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) सुधारकांची मनापासून समजूत होती. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये इथे येऊन बघितलं आणि ही शिक्षा म्हणजे मनाचा छळ आहे असं स्पष्ट लिहिलं.

मी अंदमान आधी पाहिलं होतं. सेल्युलर जेलच्याही सात रांगा, मधला मनोरा, एकेकट्या कोठड्या. ते १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं. इथे मधल्या गोलात उभा राहिलो आणि पायाखालचं दगडी अंगण पोर्ट ब्लेअरचं वाटायला लागलं. ज्यांनी सावरकरांची कोठडी पाहिलीय त्यांनी ही नक्की बघावी. जमीन बहुतेक सपाट आहे, बाबांना जमेल, पण हिंडणं बरंच आहे.

तिखटमीठ

आणि संग्रहालय! म्युझियम ऑफ आर्टच्या समोरच्या ७२ पायऱ्या सिनेमामुळे प्रसिद्ध आहेत. बाबांना पायऱ्यांनी नेऊ नका, मागच्या बाजूने रस्त्याच्या पातळीला दार आहे. शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं आणि पाचनंतर आपल्या इच्छेप्रमाणे पैसे देऊन आत जाता येतं. निघण्यापूर्वी वेळ तपासा. आत मदुराईच्या देवळातला अख्खा दगडी मंडप आहे, सोळाव्या शतकातला. जास्त सांगत नाही.

मुळामुठा

मंडळी, काल रात्री परत आलो. आठवतंय तसं लिहून काढते.

गुरुवारी मार्केटमध्ये अकराला पोचलो, जागा मिळाली. दुपारी बाबा झोपले. चारला घंटा, रांग दहा मिनिटांची. आईने आधी ओनी जजची जागा बघितली. काचेतून खालचा पाया बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "जेवायला बसले असताना निघाली. किती दिवस मनात ठरवलं असेल."

शुक्रवारी सकाळी इंडिपेंडन्स हॉलच्या तपासणीत आमची चूक झाली : बाबांच्या पिशवीत अडकित्ता! तो काही आत नेऊ देईनात, आणि नियम त्यांचा बरोबरच. नवरा धावत हॉटेलवर ठेवून आला, हॉटेल जवळ होतं म्हणून फेरी चुकली नाही. जाणाऱ्यांनी पिशव्या आदल्या रात्रीच तपासा. खुर्ची पाहिली. बाबा पहिल्या रांगेत कठड्याला धरून उभे होते. गाइडने सूर्याकडे बोट दाखवायच्या आधी बाबांनीच आईला दाखवला.

एलफ्रेथ्स ॲलीपर्यंत आणि परत येताना पाट्या मोजल्या. हात अकरा, झाडं चार. बाबांनी डायरीत लिहून ठेवलंय.

संध्याकाळी संग्रहालय. वर मंडपाच्या खोलीत शिरलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. आई दारातच थांबली आणि चपला काढायला वाकली. मी म्हटलं, अगं हे संग्रहालय आहे. ती म्हणाली, "खांब तर देवळाचेच ना." मग पहारेकऱ्याकडे बघितलं, त्याने नुसती मान हलवली, आणि आई अनवाणी आत गेली. प्रत्येक खांबापाशी थांबली. बाबा बाकावर बसून होते. पाऊण तास लागला. बाकी संग्रहालय काहीही बघितलं नाही आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तुरुंग सोडला, @काळेपाणी_नको. बाबांचा गुडघा शनिवारी सुजला होता.

शनिवारी सकाळी टॅक्सीने गिरार्डच्या भिंतीपाशी. साधी वस्ती, रस्त्यावर एक बाई कुत्रा फिरवत होती. भिंत खरंच उंच आहे, करडी, पावसाने काळवंडलेली. आईने फोटो काढला पर्समधून, तो तिघींचा. बराच वेळ काही बोलली नाही. मग भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "ऑक्टोबरातच एवढा गार दगड. जानेवारीत कसं सोसलं असेल पोरीने." पुढे म्हणाली की वर्गात आनंदीबाई शिकवताना ती नेहमी पदवीची तारीख आणि मृत्यूची तारीख सांगायची, थंडीचा विचार कधी केला नव्हता.

आता हट्ट धरलाय की पकीप्सीला जायचं. पुढच्या महिन्यात जाणार.

चटणीभाकर

वाचताना डोळे भरून आले. मंडपाबद्दल सासूबाईंना वाचून दाखवलं. पोस्टकार्ड टाकलं का?

मुळामुठा

हो, सांगायचं राहिलंच. शुक्रवारी दुपारी टाकलं, कल्याणच्या तिच्या शाळेच्या पत्त्यावर, 'सातवीचा वर्ग' असं लिहून. मजकूर तिने मला दाखवला नाही.

मुळामुठा

तीन आठवड्यांनी वर आणतेय. शाळेतल्या बाईंनी आईला व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला. फळ्याशेजारी टाचणीने लावलंय. शिक्का जरा तिरका पडलाय, पण 'फिलाडेल्फिया' वाचता येतं.